सत्तेचाळीस किलोची शिकवणी

काकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही. मी फाटकातून आत येईपर्यंत ते खुर्चीत बसून माझ्या पावलांकडे बघत होते. मी जवळ पोचले तसे ते म्हणाले, "सत्तेचाळीस."

"काय?"

"वजन. चपलेसकट साडेसत्तेचाळीस असन."

त्याच आठवड्यात मी आमच्या लॅबमधल्या काट्यावर उभी राहिले होते. सत्तेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे अंदाजाने बोलणाऱ्या माणसांवर माझा फारसा विश्वास नसतो. हा माणूस अंदाजाने बोलत होता आणि बरोबर बोलत होता, याचा मला थोडा रागच आला.

काका लकडगंजातल्या एका धरमकाट्यावर कामाला होते. जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी पाट, त्यावर लाकडाने भरलेला ट्रक येऊन उभा राहतो आणि शेजारच्या खोलीतल्या यंत्रावर त्याचं वजन उमटतं. चौतीस वर्षं काकांनी तो आकडा वाचला आणि पावती फाडली. ट्रक फाटकातून वळतानाच ते वजन सांगून मोकळे व्हायचे, आणि यंत्राने वेगळं काही दाखवलं तर आधी यंत्राकडे संशयाने बघायचे. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. वजनं राहायची. पाचपावलीतला एक जिमवाला त्यांच्याकडे यायचा, त्याला ते 'एकशे आठ' म्हणत. मी 'सत्तेचाळीस' झाले ती कायमची. दिवाळीनंतर एकदा मला बघून म्हणाले होते, "फराळ लय झाला वाटते, पण नाव नाही बदलत तुझं."

ते स्वतः एक्कावन्न किलोचे. उंची पाच फूट. 'पुरी पाच' असं ते ठासून सांगत, त्यावरूनच अर्धा इंच कमी असावी असं वाटायचं. आणि त्यांच्याकडे साडेतीनशे सीसीची जुनी गाडी होती, तिला ते फटफटी म्हणत. ती त्यांनी तीस वर्षं चालवली होती. लांबून येताना दिसले की आधी हेडलाइट दिसायचा, मग हँडल, आणि मग हँडलच्या मागे कुठेतरी काका.

रविवारी सकाळी काटा बंद असे. तेव्हा मागच्या आवारात ते लोकांना मोठी गाडी शिकवत. पैसे घेत नसत. येणारे बहुतेक बुटके, बारीक, किंवा वय झालेले. ज्यांना घरात कोणीतरी 'तुझ्याच्यानं नाही होणार' असं सांगितलेलं. एकशे आठ तेवढा वेगळा होता. त्याला गाडी उचलता येत होती, वळवता येत नव्हती. काकांची अट एकच होती. आवारात कोणी 'ताकद' हा शब्द काढायचा नाही.

मी त्यांच्याकडे गेले ती बाबांच्या अशाच मोठ्या फटफटीमुळे.

बाबा वीज खात्यात लाइनमन होते. पाच फूट दहा इंच उंच, खांबावर सरसर चढणारे. इंदोऱ्यातल्या आमच्या गल्लीत ते गाडी घेऊन शिरले की लोक अंगावरचा शर्ट सारखा करायचे, असं आई सांगते. रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं आणि त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात-पाय शाबूत राहिला, पुढे काठी धरून चार पावलं चालायलाही लागले. पण गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच. ते रोज तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि उजव्या हाताने पुसून घ्यायचे, हात पोचेल तेवढीच. त्यामुळे टाकीची एक बाजू चकचकीत असायची आणि दुसरीवर धूळ.

एका सकाळी मीच चावी घेतली. कॉलेजपासून स्कूटर चालवत होते, गिअरची छोटी गाडीही मैत्रिणीकडे चालवली होती. वाटलं, यात काय मोठं. गाडी कशीबशी फाटकाबाहेर काढली, सुरूही झाली. दहा पावलांवर गल्लीचं वळण आलं, मी ब्रेक दाबला, पाय खाली टाकला आणि पायाखाली जमीनच आली नाही. फक्त बोटं टेकली. गाडी हळूहळू, अगदी सावकाश, माझ्या हातातून निसटत आडवी झाली. क्लचची मूठ वाकली, आरसा फुटला. मला खरचटलंसुद्धा नाही. पण गल्लीतली पाच-सहा माणसं धावत आली, त्यातले शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "बाई, हे मर्दाच्या बुत्याचं काम आहे," आणि फाटकात काठीवर उभे असलेले बाबा हे सगळं बघत होते. त्यांना गाडी उचलायला पुढे येता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "विकून टाकू." त्यानंतर त्यांनी खुर्ची आत घेतली, ती पुन्हा अंगणात आली नाही.

लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरने मला काकांचा पत्ता सांगितला.

पहिल्या रविवारी काकांनी मला गाडीवर बसूच दिलं नाही. टेम्पोत घालून आणलेली माझी वाकल्या मुठीची गाडी धरमकाट्यावर नेऊन उभी केली. आत यंत्रावर आकडा आला. मला म्हणाले, "आता दोन बोटांनी हँडल धर. स्टँड काढून घेतो."

"पडेल काका."

"धर तं खरी."

त्यांनी गाडी नीट सरळ उभी केली आणि हात काढून घेतला. मी दोन बोटं हँडलला लावून उभी होते आणि ते धूड शांतपणे माझ्या दोन बोटांवर उभं होतं. मग त्यांनी गाडी वीतभर माझ्याकडे कलती केली. लगेच दोन्ही हातांना घाम फुटला, दंड थरथरायला लागले. काकांनी मागून आधार दिला आणि खिडकीकडे मान वळवली.

"आत आकडा पाह्य. बदलला का?"

बदलला नव्हता.

"वजन तेवढंच हाय. आत्ता दोन बोटांत मावत होतं, आता दोन हातांत मावून नाही राहिलं. काहून?"

"कलली म्हणून."

"हाव. किती हाय ते नको पाहू. कुठं हाय ते पाहत जा."

एवढंच वाक्य त्यांनी मला पुढच्या पाच महिन्यांत निदान दोनशे वेळा ऐकवलं असेल. भाजीची पिशवी हातात घेऊन आले तरी ऐकवायचे.

त्यानंतर चार रविवार मी गाडी नुसती ढकलली. इंजिन बंद. आवाराला गोल, मग आठाच्या आकड्यात, मग मागे. हातांनी ढकलली की काका काठीने दंडावर हळूच टकटक करायचे. कमरेला लावून ढकल, म्हणायचे, गाडी आपल्या अंगाशी राहू दे. चपला घालून आले तर परत पाठवायचे. "जमिनीशी पायाची ओळख झाली पाहिजे," म्हणून जाड तळव्याचे बूट त्यांनी सक्तीचे केले होते, आणि गाडी थांबवायच्या आधी थांबायची जागा बघायची, खड्डा, गिट्टी, उतार, हे त्यांनी डोक्यात इतकं बसवलं की आजही बसमध्ये बसले तरी मी ड्रायव्हरने कुठे थांबवलं ते बघते.

पाचव्या रविवारी त्यांनी माझी गाडी मुद्दाम आडवी पाडली. आवारात शेजारच्या आरागिरणीचा लाकडाचा भुसा पसरलेला असायचा, त्यावर. मी ओरडलेच. ते म्हणाले, "ओरडून नाही उठत थे. उचल."

आधी एकशे आठला उचलायला लावली. त्याने वाकून हँडल धरलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, गाडी उठली, पण पलीकडे पडता पडता वाचली आणि तो कंबर धरून खाली बसला. मग माझी पाळी. काकांनी शिकवलं तसं मी गाडीकडे पाठ केली. सीटला बूड टेकवून उकिडवी बसले, हँडल पूर्ण वळवून एका हाताने त्याची मूठ आपल्या मांडीशी धरली, दुसऱ्या हाताने मागचा दांडा, आणि पाठ ताठ ठेवून छोटी छोटी पावलं मागे टाकत गेले. कसरत सगळी मांड्यांची. सातव्या-आठव्या पावलाला गाडी उभी होती. मला ते कळलंच नाही, मी अजून ढकलतच होते, काकांनी पलीकडून धरली.

एकशे आठ भुशात बसल्या बसल्या म्हणाला, "पोट्टीनं उचलली बे."

मी तिथेच रडले. का ते सांगता यायचं नाही. काका बाजूला जाऊन हिंग-जिऱ्याचे फुटाणे खात उभे राहिले. ते त्यांच्या खिशात कायम असत. कोणी रडलं की ते फुटाणे खायचे. बोलायचं काय, हे त्यांना कळत नसे.

हट्टीही तेवढेच होते. सीटचा फोम कापून गाडी खाली घ्यावी, असं मी एकदा सुचवलं तर दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. गाडीला हात लावायचा नाही, आपली रीत बदलायची, हे त्यांचं ठाम मत. उंचीने, वजनाने काही फरक पडत नाही, हे दुसरं. कोणी त्यावर शंका काढली की स्वतःकडे बोट दाखवायचे. "तीस वर्षं. एक डाव नाही पडलो."

हे मी त्यांच्या घरी चहा पिताना एकदा ऐकलं, तेव्हा काकू ओट्याशी उभ्या होत्या. त्या पाच फूट सहा इंच उंच. पूर्वी महापालिकेच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या, कायम सलवार-कमीजमध्ये, आणि तीस वर्षं त्या काकांच्या मागे पुरुषांसारखं दोन्हीकडे पाय टाकून बसल्या होत्या. लोक हसायचे, म्हणे, पुढे एवढासा नवरा आणि मागे ही उंच बायको. काका बाहेर फोन घ्यायला गेले तसं काकूंनी आवाज खाली आणला.

"तुले सांगतो, कोणाले सांगू नको वं. लग्नाच्या पहिल्या वर्षी बर्डीच्या चढावर ह्यायची गाडी एका अंगाले चालली होती. मी हळूच पाय टेकवला. सावरली. हे मले म्हणतात, पाह्यलं का कशी सांभाळली. मी म्हटलं, हाव. तेव्हापासून जिथं जिथं थांबतात तिथं मी टेकवून राहिली."

"काकांना माहीत नाही?"

"कायले माहीत असन. डोळे पुढं असतात ह्यायचे."

मी हसले आणि विसरूनही गेले. तोपर्यंत मी आवारात गाडी चालवायला लागले होते, मग रस्त्यावर, मग लॅबला. उतरत्या जागी नाक खाली करून गाडी लावायची नाही, थांबताना दोन्ही पाय टाकायची धडपड करायची नाही, सीटवरून एका बाजूला जरा सरकायचं आणि एकच पाय पुरा टेकवायचा. हे सगळं अंगवळणी पडलं. घरी बाबा खिडकीतून बघायचे. एके संध्याकाळी मी न राहवून म्हणाले, "बाबा, तुम्हाला मागे बसवून नेईन. सदरला." सदरला त्यांच्या जुन्या ऑफिससमोर एक चहाची टपरी आहे. वीस वर्षं ते तिथे रोज सकाळी चहा प्यायचे.

बाबांनी खिडकीतून गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "खरंच जमन का?"

"काका म्हणतात वजनाने काही फरक पडत नाही."

दुसऱ्या सकाळी खुर्ची अंगणात होती.

त्या हिवाळ्यात काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं गाडीवर बसणं थांबलं. काका एकटेच फिरायला लागले. मला जाणवलं होतं की ते हल्ली चढाचे नेहमीचे रस्ते सोडून लांबून जातात, पण कारण लक्षात आलं नाही. एका रविवारी आम्ही दोघं महाल भागात एका मेकॅनिककडे निघालो, ते पुढे त्यांच्या गाडीवर, मी मागे माझ्या. एका गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता खोदलेला होता. समोरून हातगाडी आली, काका थांबले, त्यांनी डावा पाय टाकला. तिथे जमीन नव्हती. चराची कड होती, ती ढासळली.

गाडी त्यांच्या अंगावर पडली तसा आवाजही फार झाला नाही. पानठेल्यावरच्या दोघांनी त्यांना बाहेर ओढलं. मी माझी गाडी भिंतीशी लावली, त्यांच्या गाडीकडे पाठ केली, मूठ मांडीशी घेतली आणि पावलं मागे टाकत ती उभी केली. काका जमिनीवरून सांगत होते, "मान खाली नको घालू. दम घे." घोटा सुजला होता. हाड शाबूत होतं.

त्यांना एका दुकानाच्या पायरीवर बसवलं. पाणी प्यायले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागं थे असती तं पडलो नसतो."

"काकू?"

"पाय टेकवते थे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चौतीस वर्षं काट्यावर हाव मी. माह्या मागची सीट एका बाजूनं हलकी झाली तं मले नाही समजन?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

त्यांनी खिशात हात घातला, फुटाण्यांची पुडी काढली आणि तशीच परत ठेवली. "तिले वाटे मले माहीत नाही. तिचं तिले बरं वाटे. आन मलेही बरंच वाटे न. कोणाले सांगता येत होतं, तीस वर्षं एक डाव नाही पडलो."

मला तेव्हा त्यांची कीव आली नाही. राग आला. माझ्या डोळ्यांसमोर अंगणातली खुर्ची होती. मी बाबांना जे सांगितलं होतं ते या माणसाच्या भरवशावर सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी घोट्याला पट्टी बांधून ते आवारात आले. आम्ही सात-आठ जण होतो. काकू काठी घेऊन फाटकाशी उभ्या होत्या, का बोलावलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. काकांनी कधी नव्हे ते सगळ्यांना खाली बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले.

"मी तुमाले एक वजन चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "पावती चुकीची गेली तं वापस घ्यावी लागते, मंग ट्रक कुठं का पोचला असन. फरक पडते. उंचीचा पडते, वजनाचाही पडते. चढावर पडते, खड्ड्यात पडते, मागं मोठा माणूस बसला का लय पडते. आपल्यासारख्यायले दर ठिकाणी आधी इचार करावा लागते, लांब माणसाले नाही करावा लागत. तरी चालवता येते. पण फरक नाही म्हणणं खोटं होतं. माही गाडी तीस वर्षं दोघांनी सांभाळली, अन् मी एकट्याची सांगितली."

असं म्हणून त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "मले वाटे ह्यायले माहीतच नाही." आणि तोंडाला ओढणी लावून हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरले.

एक जण त्या दिवशी उठून गेला तो परत आला नाही. मी मात्र सगळे जाईपर्यंत थांबले आणि बाबांबद्दल पहिल्यांदा बोलले. इतके महिने मी ते लपवलं होतं. मला वाटायचं, ऐकलं तर शिकवायचे थांबतील. आता मी भांडल्यासारखं सगळं सांगून टाकलं. त्यांना वचन दिलंय, तुमच्या शब्दावर दिलंय, आता काय सांगू.

त्यांनी ऐकून घेतलं. "किती किलो?"

"चौऱ्याऐंशी."

"कोणती बाजू गेली?"

"डावी."

बराच वेळ ते भुशात बुटाने रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "मंग तू चुकीच्या पायावर थांबून राहिली. उजव्यावर थांब. तिकडं त्यायचा पाय हाय."

ऐकायला सोपं वाटतं. पण मागचा ब्रेक उजव्या पायाला असतो. तो पाय जमिनीवर ठेवायचा म्हणजे गाडी फक्त हाताच्या ब्रेकवर धरायची, चढावर मूठ आणि क्लच एवढ्यावरच निघायचं. जे अंगवळणी पडलं होतं ते सगळं मोडावं लागलं. आणखी नऊ रविवार लागले. माझ्या मागे एकशे आठ बसायचा. काकांनी त्याला डावा पाय मेला असं समजायला सांगितलं होतं. तो बिचारा इतक्या इमानाने तो पाय लोंबता ठेवायचा की दोनदा आम्ही दोघंही भुशात पडलो. काका लंगडत यायचे, पडलेल्या जागेवर उभे राहायचे आणि म्हणायचे, "त्याले सांगितलं का तू थांबून राहिली म्हून? नाही न? अर्धी गाडी त्याच्याकडं हाय अन् तू त्याले खबर नाही देत." मग आम्ही एक शब्द ठरवला. थांबायच्या आधी मी 'टेकव' म्हणायचं.

बाबांच्या डॉक्टरांना विचारलं. बसण्याचा तोल चांगला आहे, जवळच्या जवळ आणि हळू न्या, हेल्मेट घाला, म्हणाले. काका आमच्या घरी तीनदा आले आणि अंगणात उभ्या गाडीवर बाबांना चढ-उतर शिकवून गेले. काकू मागे नसताना ते आता सायकलच वापरत; तिच्या कॅरिअरला बांधून त्यांनी लकडगंजातून लाकडाचा एक ओंडका आणला होता, वरून सपाट कापलेला. बाबा उजव्या पायाने त्यावर उभे राहत आणि आई त्यांचा डावा पाय उचलून सीटवरून पलीकडे देत असे. बाबांना आणि मला पट्ट्याने एकत्र बांधावं असं आईचं म्हणणं होतं. काकांनी ठाम नकार दिला.

"पडले तर?" आईने विचारलं.

"पडू शकतात, ताई," काका म्हणाले. "पडले तं दोघंही सुटे पडले पाहिजे."

पूर्वीचे काका असते तर म्हणाले असते, पडतच नाहीत. आईने वाकून बाबांच्या डाव्या बुटाची नाडी आणखी एकदा आवळून बांधली. मला वाटतं, त्या उत्तरामुळेच तिने आम्हाला जाऊ दिलं.

आम्ही निघालो ती रविवारची सकाळ होती. रस्ते रिकामे, हवेत अजून गारवा. काका सायकलवर पुढे. बाबांचा उजवा हात माझ्या कमरेशी होता आणि त्यांचं सगळं वजन मला पाठीत जाणवत होतं. गल्लीचं वळण आलं, मी 'टेकव' म्हणाले, त्यांनी टेकवला. चौकात मी पुन्हा म्हणाले, त्यांनी टेकवला. कडबी चौकातल्या सिग्नलच्या अलीकडे एक ऑटो अचानक आडवा आला. मी दोन बोटांनी ब्रेक आवळला, शब्द तोंडातून निघालाच नाही. गाडी उजवीकडे कलली. मला त्या पहिल्या दिवसासारखंच वाटलं, की आता ही हातातून जाते. आणि ती एकदम थांबली. मी खाली बघितलं. माझ्या बुटाच्या मागे वीतभरावर बाबांचा पाय रस्त्यावर घट्ट रोवलेला होता. खांबावर चढणारा पाय.

"चाल," बाबा मागून म्हणाले. "सिग्नल हिरवा झाला."

टपरीवाल्याने बाबांना ओळखलं तेव्हा त्याच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. काका आधीच पोचून धापा टाकत उभे होते. त्यांनी आणि टपरीवाल्याने मिळून बाबांना उतरवलं, बाकावर बसवलं. टपरीवाला एकदा गाडीकडे बघत होता, एकदा माझ्याकडे.

"साहेब, एवढी मोठी गाडी ही पोरगी एकटी घेऊन आली?"

"एकटी कायले," बाबा म्हणाले. "पोरगी चालवते. पाय मी टेकवतो."

मी काकांकडे बघितलं. ते खाली मान घालून चहात बघत होते, आणि फुटाणे खात होते.